काचेच्या आतला बर्फ

बर्फ काचेच्या आतल्या बाजूला होता. खिडकी साधारण तीन फूट रुंद, चार फूट उंच. तिच्या खालच्या चौकटीपासून वीतभर उंचीपर्यंत कुणीतरी डब्यातला फवारा मारून पांढरा थर दिला होता. डाव्या कोपऱ्यात तो जाड होता. उजवीकडे मारणाऱ्याचा हात अवघडला असावा, तिथे नुसते ठिपके. मी खुर्ची पुढे घेऊन नीट पाहिलं. थर वाळून त्याला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून बाहेरचं ऊन आत येऊन लाकडी जमिनीवर दोऱ्यासारखं पडलं होतं. बाहेर फॅरनहाइट सत्त्याण्णव होतं. बर्फ जिथे खरोखर पडतो तिथे तो काचेच्या बाहेर साचतो. आत साचायचा तर घराचं छप्पर उडालेलं असायला हवं. सकाळी दहापासून या खोलीत अकरा माणसं येऊन गेली होती आणि प्रत्येकानं दारातच थांबून "वा, काय वातावरण केलंय!" असं म्हटलं होतं. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. मी सहसा सांगत नाही.

नॅशव्हिलमध्ये नाताळ जुलैत येतो. डिसेंबरात दुकानांत वाजणारी गाणी त्याआधी तयार असावी लागतात, म्हणून ती उन्हाळ्यात गायली जातात. आणि उन्हाळ्यात गाणाऱ्याच्या गळ्यात भक्तिभाव यावा म्हणून स्टुडिओवाले खोलीत झाड उभं करतात, दिव्यांच्या माळा सोडतात, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या लावतात आणि वातानुकूलन इतकं खाली नेतात की वादक आपणहून लोकरीचे स्वेटर चढवतात. झाडाखाली रंगीत कागदात गुंडाळलेली खोकी असतात. मी एक उचलून पाहिलं होतं. रिकामं होतं. गायकाचा नाताळचा पहिला अल्बम हौसेचा असतो, दुसरा कंपनीच्या आग्रहाचा. तिसरा निघतो तेव्हा त्याची बाकीची गाणी कुणी मागत नसतं. माझा नवरा रॉयस टीग याचा हा तिसरा. रॉयस त्रेसष्ट वर्षांचा आहे, त्याच्या टोपीखाली आता केस नाहीत आणि त्याचा आवाज वरच्या स्वरांना एखाद्या जुन्या बिजागरीसारखा अडतो. नाताळच्या गाण्यांत वरचे स्वर कमी असतात. देवाची ही एक सोय.

मी गायिका नाही. मी रसायनशास्त्र शिकले आणि एकतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करतेय. कंबरलंड नदीचं पाणी बाटल्यांतून येतं, आम्ही त्यात काय किती आहे ते मोजतो आणि लिहून ठेवतो. गढूळपणा मोजता येतो, त्याला आकडा असतो. पाण्याला वाईट वाटेल म्हणून आकडा कमी लिहायचा नसतो. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही हे मला पहिल्यापासून आवडलं. आज मी रजा काढून आले होते, कारण रॉयसनं सकाळी न्याहारीच्या टेबलावर, टोमॅटोची फोड तोंडात असतानाच, सांगितलं होतं, "ऑपल, आज तू चल. ‘सात मैल’ गाण्यात एक वाक्य बोलायचंय. बाईचं."

"गायिका आहेत ना तिघी?" मी म्हटलं.

"त्या गातात गं. मला बोलणारी हवी. खरीखुरी बायको. ग्रेडी म्हणतो, लोकांना खरं आणि खोटं बरोबर कळतं."

"मग अडचणच आहे."

"कसली?"

"काही नाही. मीठ दे."

ग्रेडी स्ट्रिकलंड म्हणजे अल्बमचा निर्माता. नाताळचे सगळे अल्बम त्याच्याच हातून जातात. पन्नाशीचा, लांब हातांचा, अत्यंत गोड बोलणारा माणूस. तो कधीच कुणाला ‘चुकलं’ म्हणत नाही. ‘छान, आता अजून एकदा’ म्हणतो. त्याचा एक नियम सगळ्या गावाला माहीत आहे: ध्वनिमुद्रण थांबवायचं नाही. गाणं संपलं, कुणी खोकलं, कुणी शिवी दिली, तरी यंत्र चालूच. लाल दिवा सकाळी लागतो आणि दिवस संपल्यावर विझतो. माणूस बेसावध असताना खरं बोलतो आणि ते खरं विकलं जातं, असा त्याचा सिद्धांत आहे. याला तो सिद्धांत म्हणतो.

ते वाक्य माझ्यासमोरच्या कागदावर होतं. ‘या ना आत. ताट झाकून ठेवलंय, अजून गरम आहे.’ बस. दुसऱ्या कडव्यानंतर वाद्यं हळू होतात, रॉयस गाणं सोडून साध्या आवाजात गोष्ट सांगायला लागतो. आमच्याकडच्या गाण्यांत हे पूर्वीपासून आहे. गाता गाता माणूस बोलायला लागला की ऐकणारे रुमाल काढतात. गोष्ट अशी: नाताळची आदली संध्याकाळ, डोंगरातलं गाव, खाणीतली पाळी संपते, रस्ते बर्फानं बंद, आणि बाप सात मैल चालत घरी येतो. घरात आई प्रार्थना सुरू करणार, एवढ्यात दार उघडतं. आई म्हणते, या ना आत. ते आईचं वाक्य मी म्हणायचं होतं. ‘माझा बाप’, असं रॉयस गाण्यात म्हणतो. ‘माझ्या बापाच्या टोपीवर बर्फ होता.’

रॉयसचा बाप अलाबामात समुद्रकिनारी मासे धरायच्या सामानाचं दुकान चालवायचा. सज्जन, ठेंगणा, उन्हानं लाल झालेला माणूस होता तो. रोज पाच वाजता दुकान बंद करून साडेपाचला घरी यायचा आणि आल्या आल्या बायकोला विचारायचा, आज काय शिजलंय. त्या गावात बर्फ पडत नाही. रॉयसनं आयुष्यातला पहिला बर्फ चोविसाव्या वर्षी एका मोटेलच्या दारातून पाहिला आणि त्यावर घसरून मनगट मोडून घेतलं. ज्याचा बाप रोज साडेपाचला घरी येतो त्याला दुसऱ्यांच्या बापांची हौस असते. गाण्यातला बाप माझा होता. खाण माझ्या गावची, जस्ताची. बर्फही माझाच, आणि तो मी मोजला होता: शाळेची पट्टी घेऊन, ओट्याच्या कठड्यावर, सव्वाचार इंच. मी नऊ वर्षांची होते. पाळी तीनला सुटायची. आईनं मांस भाजलं होतं, घेवडा शिजवला होता, मक्याची रोटी, सुकवलेल्या सफरचंदाचा थरांचा केक. सहा वाजता तिनं एक ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट उपडं घातलं आणि भट्टीत ठेवलं. आम्ही जेवलो. ते ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी नाताळ. तिनं ते ताट सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गरम केलं. माझ्या लक्षात आलं होतं की ती भट्टीचं दार आवाज न करता लावतेय. सव्वीस तारखेला दुपारी बारा वाजता बाबा आले. त्यांचे बूट कोरडे होते. आणि शर्टाच्या बाहीला इस्त्रीची घडी होती, खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ. आमच्या घरात इस्त्री आई करायची आणि तिनं तो शर्ट बुधवारी धुवून तारेवर टाकलेला मी पाहिला होता, चुरगळलेला. "बर्फात अडकलो," ते म्हणाले. "हो, असेल," आई म्हणाली आणि तिनं ताट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. घेवड्यावर साय धरल्यासारखी साल आली होती. काट्यानं ती फोडल्याचा बारीक आवाज झाला. पुढे आई गेली तोवर त्याबद्दल कधीच काही बोललं गेलं नाही.

हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. आमच्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता, नॉक्सव्हिलच्या बाहेर एका बंद पेट्रोलपंपासमोर गाडी लावून आम्ही पाऊस थांबायची वाट पाहत होतो. काचा श्वासांनी धुरकटल्या होत्या. मी सांगत गेले आणि रॉयसनं माझा हात हातात धरला, आणि सांगून झाल्यावरही सोडला नाही. मला वाटलं, हा माणूस ऐकतो. आमच्या घरात कुणी ऐकायचं नाही, म्हणून मला ते फार मोठं वाटलं. तो ऐकत होता हे खरंच होतं. कशासाठी, ते मला कळलं नव्हतं. एकोणतीस वर्षांनी, या मे महिन्यात, त्यानं स्वयंपाकघरात गिटार घेऊन मला ‘सात मैल’ ऐकवलं आणि डोळे पुसत म्हणाला, "बघ. तुझ्या बापाला घरी आणलं मी."

"ते आले नव्हते, रॉयस."

"म्हणूनच तर! मी दुरुस्त केलं."

"आणि ते तुझे झालेत."

"मग काय गाऊ? ‘माझा सासरा बर्फातून आला’? लोक हसतील, ऑपल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, लोक हसले असते. मी ताटल्या धुवायला घेतल्या. माझ्या पर्समध्ये तेव्हाही, मार्चपासून, मी भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांची किल्ली होती. खोल्या प्रयोगशाळेपासून चालत नऊ मिनिटांवर आहेत, पूर्वेची खिडकी आहे, नळाचं पाणी मी स्वतः तपासून पाहिलंय. घरमालकीण बाई दर पंधरा दिवसांनी फोन करतात. "अहो टीगबाई, येणार आहात ना नक्की? माझ्या मांजरीनं तुमच्या खोलीत संसार थाटलाय, तिला काय सांगू?" मी म्हणते, लवकरच. एवढा अल्बम होऊ दे. त्याआधी रॉयसच्या आईचं आजारपण होऊ दे होतं. त्याआधी कुत्रा म्हातारा झाला होता. कुत्र्याला घर बदललेलं सोसत नाही असं मी स्वतःला चार वर्षं सांगितलं. कुत्रा कुठेही झोपायचा.

"मिस ऑपल, थंडी वाजतेय का?" हॉयट पलीकडून म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं ‘मिस’ म्हणतात. हॉयट चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, मांडीवरची स्टील गिटार वाजवतो, आणि त्याच्या अंगात हरणांचं चित्र असलेला स्वेटर होता, कंपनीनं दिलेला. "माझ्या नातवंडांना वाटतं नाताळ जुलैतच असतो. डिसेंबरात आजोबा घरी नुसते झोपतात ना!"

"तुमचं वाद्य फार रडलं मघाशी," मी म्हटलं.

"त्याचं कामच ते. एकावन्न वर्षं रडवतोय मी त्याला. माझ्या डोळ्यांत कांदा चिरतानाच पाणी येतं. बघा, आता रॉयस येईल आणि मला सांगेल, हॉयट, काळजातून वाजव. मी काय आतापर्यंत गुडघ्यातून वाजवत होतो?"

हॉयटच्या समोरचा कागद मला आवडतो. या गावात वादकांच्या कागदावर स्वर लिहीत नाहीत, आकडे लिहितात. एक, चार, पाच, एक. गायकाचा गळा त्या दिवशी जिथे बसेल तिथे ‘एक’ मानायचा आणि बाकीचं त्याच्या अंतरानं. गाण्यातल्या आईवरून, देवावरून, बर्फावरून सगळं भरजरी आच्छादन काढलं की खाली हे एवढंच असतं. ‘सात मैल’च्या गोष्ट सांगायच्या भागात चार, एक, पाच, एक असं आहे. माझ्या बापाचं दोन दिवस गायब असणं चार आकड्यांत बसलं होतं. ते आकडे कुणाला फसवत नव्हते. तेच एक सभ्य होतं त्या खोलीत.

रॉयस आला तो हातात थंड चहाचा मोठा पेला घेऊन, आणि बातमी घेऊन. "ऑपल, पक्कं झालं! डिसेंबरात टीव्हीवाले आपल्या घरी येणार. पूर्ण तासाचा कार्यक्रम. झाड, टेबल, तू, मी. ‘टीगांच्या घरचा नाताळ’. तुला तो हिरवा मखमली झगा घालायचाय."

"मला हिरवा मखमली झगा नाही."

"ते आणतील गं! माप घ्यायला बाई येईल ऑक्टोबरात. आणि मग मार्चमध्ये दौरा. यावेळी तूही यायचं असं मी त्यांना सांगून टाकलंय. लोकांना तू हवीस. तू म्हणजे काय वाटतंय तुला? तू चमत्कार आहेस."

त्यानं हे हॉयटकडे बघून म्हटलं. हॉयटनं वाद्यावरची तार उगीचच पुसली. रॉयस चहाचा पेला रिकाम्या खोक्यांवर ठेवून आत गेला, आणि पेल्याच्या बुडाचा ओला गोल कागदावर पसरत गेला.

चमत्कार. त्याचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. काढली, तपासायला पाठवली, सहा दिवसांनी अहवाल आला. साधी गाठ, धोका नाही, पुढे उपचाराची गरज नाही. अडीच ओळी. त्या मी स्वतः रॉयसच्या हातात दिल्या आणि त्यानं माझ्यासमोर वाचल्या. तीन आठवड्यांनी त्याचा नवा अल्बम आला, आणि एका दुपारी प्रयोगशाळेच्या जेवणाच्या खोलीत आम्ही पाच जणी सँडविच खात असताना भिंतीवरच्या टीव्हीत तो दिसला. टोपी काढलेली, हातात घेतलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तो म्हणाला. आम्ही दोघांनी रात्रभर गुडघे टेकले. सकाळी गाठ नव्हती. कार्यक्रमवाली बाई रडली, तोही रडला. माझ्या चारही मैत्रिणी माझ्याकडे पाहत होत्या. त्या चौघींना अहवाल माहीत होता. शास्त्र शिकलेल्या बायका त्या, त्यांनी मला त्याच आठवड्यात केक आणून दिला होता. एकीनं उठून टीव्ही बंद केला. घरी मी रॉयसला म्हटलं, तू खोटं बोललास. तो खरोखर दुखावला. "मी घाबरलो होतो की नाही त्या सहा दिवसांत? ते खोटं होतं? भावना खरी आहे, ऑपल. तू अक्षरं मोजत बसतेस." त्यानंतर अनोळखी बायका आमच्या ओट्यावर झाकलेली भांडी आणून ठेवू लागल्या: मकरोनी, बटाटे, कोंबडी. मी भांडी धुवून परत केली. आभाराच्या चिठ्ठ्या लिहिल्या. लिहिल्या म्हणजे मीच लिहिल्या, माझ्या अक्षरात.

पण हे मी विसरले असते. माणूस नवऱ्याचं बरंच विसरतं. एका शनिवारी वाणसामानाच्या दुकानात, कणकेच्या पिशव्यांपाशी, एका बाईनं माझे दोन्ही हात धरले. चाळिशीची असेल. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेला, भुवया नव्हत्या. तिचे हात गार होते, नखं काळसर झाली होती. कोणत्या औषधानं तशी होतात ते मला ठाऊक होतं. "तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली. "मला सांगा, कोणती प्रार्थना म्हटलीत? सगळ्या म्हणून झाल्या माझ्या. एखादी राहिली असेल." मला तिला सांगता आलं असतं. वाक्य सोपं होतं, सहा-सात शब्दांचं. दुकानाच्या छताला लावलेल्या भोंग्यातून गाणं चालू होतं, कुणाचंतरी. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी पाण्याच्या बाटलीकडे पाहते तसं, आत काय आहे ते कळावं म्हणून. मी म्हणाले, "सगळ्याच." ती हसली, माझा हात दाबला आणि गेली. मी सामान तिथेच सोडलं, गाडीत येऊन बसले आणि ठरवलं की रॉयसला सोडायचं. स्वच्छ ठरवलं, निष्कर्ष लिहितात तसं. आणि घरी जाऊन स्वयंपाक केला.

रॉयसची मला कीव कधीच येत नाही, पण त्याच्याबद्दलची माझी घृणा तशी स्वस्त आहे. तो खोटं बोलतो, त्याला ते खरं वाटतं, तो झोपतो. मी जागी असते आणि मला सगळं माहीत असतं. अकरा वर्षं मी आकडा पाहिला आणि लिहिला नाही. आमच्या प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. भट्टीचं दार आवाज न करता लावायला मी कुठे शिकले होते ते मला ठाऊक आहे. पण आईपाशी नऊ वर्षांची मुलगी होती, गावात दुसरं काम नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती. मला गाडी चालवता येते.

"मिस ऑपल, आता तुमची पाळी!" ग्रेडीचा आवाज आला.

त्यांनी मला मधल्या खोलीत मायक्रोफोनसमोर उभं केलं, डोक्यावर हेडफोन चढवले. रॉयस समोरच्या, गाणाऱ्यासाठीच्या काचेच्या कोठडीत, टोपी मागे सरकवून. हॉयट उजवीकडे. वाद्यं सुरू झाली. रॉयस गायला, मग बोलायला लागला. त्याचा तो आवाज, थोडा घोगरा, लाकडाच्या धुरासारखा, जो आम्ही घरात कधीच ऐकत नाही. माझा बाप, टोपीवर बर्फ, दाराची कडी. चार, एक, पाच, एक. मी म्हणाले, "या ना आत. ताट झाकून ठेवलंय, अजून गरम आहे."

"सुंदर!" ग्रेडी म्हणाला. "आता अजून एकदा. जरा... नदीचा अहवाल वाचताय असं वाटलं."

"ती बोलतेच तशी," रॉयसचा आवाज हेडफोनमध्ये थेट माझ्या कानात आला. "लग्नात ‘हो’ म्हणाली तेव्हा पाद्र्याला वाटलं नकार देतेय. त्यानं दोनदा विचारलं!"

सगळे हसले. हॉयट हसला नाही, पण त्याला ऐकू कमी येतं. दुसऱ्या वेळी मी हळू म्हणाले. तिसऱ्या वेळी थोडं हसून म्हणा, असं सांगितलं, हसले. चौथ्या वेळी ग्रेडी म्हणाला, "आईला आठवा. तुम्हाला आई होती ना?" मला आई होती. मी तिला आठवलं आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्या थांबलेल्या क्षणात मला पुढचं दिसलं, अगदी साधं. हे वाक्य आज त्यांच्या मनासारखं झालं की ते पक्कं होणार. मग दरवर्षी, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी आभारदिनाच्या टर्कीची हाडं टोपलीत पडली की दुसऱ्या सकाळपासून, प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात, प्रत्येक पेट्रोलपंपावर, दातांच्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत माझा आवाज माझ्या बापाला आत बोलावणार. मी कुठेही राहायला गेले तरी. मी मेल्यावरही. फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एखादी बाई कणकेच्या पिशव्यांपाशी थांबून ऐकेल आणि तिला वाटेल, बघा, काही घरांत येतात माणसं परत. आईनं निदान कुणाला गाऊन दाखवलं नव्हतं.

"थांबा, थांबा," ग्रेडी म्हणाला आणि स्वतः बाहेर आला. त्यानं माझ्यासमोरच्या स्टँडवरून कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे तो सगळ्यांशी करतो. मोठमोठ्या गायकांकडून त्यानं असंच काम काढलंय म्हणतात. "मिस ऑपल, चूक माझी. कागदावरचं वाक्य तुमचं नाहीच. विसरा ते. रॉयस दारात उभा आहे असं समजा. तुमच्या मनात त्याला जे म्हणायचंय, तेच म्हणा. तुमच्या शब्दांत. छान, वाईट, काही विचार करू नका. पहिलं जे येईल ते मला हवंय. खरं असलं की झालं."

"खरं?" मी विचारलं.

"फक्त खरं. बाकी मी बघतो."

"घाबरू नकोस गं," रॉयस म्हणाला. "आपण दोघंच आहोत असं समज."

ही या गावाची चूक आहे, आणि ती इथलीच माणसं करू जाणोत. त्यांना वाटतं, प्रत्येकाच्या आत खरं म्हणून एक गोड वस्तू तयार ठेवलेली असते, नीट विचारलं की माणूस ती काढून देतो. चाळीस वर्षं त्यांनी विचारलं आणि चाळीस वर्षं मिळत गेलं, कारण ज्यांना विचारलं त्यांना काय द्यायचं ते माहीत होतं. ग्रेडी आत गेला. लाल दिवा चालूच होता. कोठडीत रॉयसनं मला डोळा मारला, मायेनं, आणि ती माया त्या क्षणी खरी असावी. त्यालाही ते कळलं नसतं. वाद्यं सुरू झाली. पहिलं कडवं, दुसरं. हॉयटनं सरकती पट्टी तारांवर ठेवली. रॉयस बोलायला लागला आणि मी कागदाशिवाय उभी राहून मोजत होते. चार. माझ्या हातांना घाम नव्हता, नाडी नेहमीपेक्षा थोडी जलद, बाकी सगळं ठीक. एक. माझ्या तोंडात काही तयार नव्हतं. मी ते कधी मोठ्यानं म्हणून पाहिलं नव्हतं, गाडीत एकटी असतानाही नाही. पाच. दार उघडलं, रॉयस म्हणाला, आणि आई वळली. एक.

"रॉयस," मी मायक्रोफोनपासून एक वीत अंतर ठेवून, नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तुला सोडतेय. आजपासून."